वाक्य तोडलं तरी मजकूर कळत नाही? आधी क्रियापद कुठे आहे ते बघा

लांब वाक्यांची तक्रार माझ्याकडे येते ती बहुतेक वेळा अशी : "सगळे सांगतात, वाक्यं छोटी कर. मी करतो. मग मजकूर तुटक वाटतो, म्हणून परत जोडतो. पुढच्या कागदाला पुन्हा तेच." लिहिणारे सोसायटीचे सचिव असोत, प्रबंध लिहिणारी मुलगी असो, तालुक्याचा वार्ताहर असो की शाळेचं परिपत्रक काढणारे सर असोत, दुखणं याच वळणाने जातं. दुसऱ्यांचे मजकूर दुरुस्त करणं हे माझं काम आहे, आणि हे दुखणं उलटतं कशामुळे याचं माझ्यापुरतं उत्तर आता पक्कं झालं आहे. आपण वाक्याची लांबी शब्द मोजून ठरवतो. वाचणाऱ्याला मात्र दम लागतो तो क्रियापदाची वाट पाहून.

हे मला ज्या कागदावरून कळलं तो आधी देते. आमच्या इमारतीसाठी ही सूचना मीच लिहिली होती :

"सर्व सभासदांना कळविण्यात येते की, आपल्या इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीच्या साफसफाईचे काम येत्या रविवारी सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत हाती घेण्यात येणार असल्याने सदर कालावधीत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार असून सभासदांनी आवश्यक तेवढा पाणीसाठा आदल्या दिवशी करून ठेवावा व टाकी साफ झाल्यानंतर सुरुवातीस येणारे पाणी गढूळ असण्याची शक्यता असल्याने ते पिण्यासाठी न वापरता काही वेळ नळ सोडून नंतरच वापरावे, तसेच ज्या सभासदांकडे वॉटर प्युरिफायर आहेत त्यांनी पाणी स्वच्छ येईपर्यंत ते बंद ठेवावेत ही विनंती."

शब्द ७६, पूर्णविराम एक. व्याकरणाची चूक एकही नाही. सूचना तीन दिवस फलकावर होती. रविवारी संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा प्युरिफायर बंद पडला, फिल्टर गाळाने भरला होता. मी विचारलं, "काकू, सूचना वाचली नव्हती का?" त्या म्हणाल्या, "अगं, वाचली की. टाकी धुणार, पाणी नाही, एवढं कळलं. पुढे तेच तेच आहे असं वाटलं." त्यांचं काही चुकलं नव्हतं. प्युरिफायरचा उल्लेख वाक्यात ६५व्या शब्दाला येतो. तिथवर पोचेपर्यंत वाचणारा दोन "असल्याने" आणि एक "असून" ओलांडून आलेला असतो, आणि प्रत्येक ठिकाणी त्याला वाटतं की आता संपलं, पुढे उरलेली शिष्टाई असणार.

मग मी बहुतेक जण करतात तीच दुरुस्ती केली. "असल्याने", "असून", "व" दिसेल तिथे कात्री लावली :

"येत्या रविवारी सकाळी १० ते दुपारी ४ या वेळेत टाकीच्या साफसफाईचे काम हाती घेण्यात येणार आहे. त्यामुळे सदर कालावधीत पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे. त्यामुळे सभासदांनी आवश्यक तेवढा पाणीसाठा आदल्या दिवशी करून ठेवावा. टाकी साफ झाल्यानंतर सुरुवातीस येणारे पाणी गढूळ असण्याची शक्यता आहे. त्यामुळे ते..."

पूर्णविराम वाढले, पण वाचणं होतं तेवढंच जड राहिलं. "त्यामुळे" तीनदा आलं. "तोडलं की तुटक वाटतं" ही तक्रार इथेच जन्मते, आणि इथेच लोक कंटाळून परत जोडायला लागतात. या दुरुस्तीत मी वाक्यांना हात लावला होता, क्रियापदांना लावलाच नव्हता. टाकी "धुणार" आहेत हे मी "साफसफाईचे काम हाती घेण्यात येणार" असं लिहिलं होतं. पाणी "येणार नाही" याचं "पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार" झालं होतं. पाणी "भरून ठेवा" याचा "पाणीसाठा करून ठेवावा" झाला होता. खरी क्रियापदं नामांच्या आत बसलेली होती. ती बाहेर काढल्यावर सूचना अशी झाली :

"येत्या रविवारी सकाळी १० ते दुपारी ४ पाणी येणार नाही. गच्चीवरची टाकी धुवायची आहे. लागेल तेवढं पाणी शनिवारीच भरून ठेवा. टाकी धुतल्यावर सुरुवातीला गढूळ पाणी येऊ शकतं. ते पिऊ नका; काही वेळ नळ सोडा, मग वापरा. वॉटर प्युरिफायर असेल तर स्वच्छ पाणी येईपर्यंत तो बंद ठेवा."

हिच्यात "त्यामुळे" एकदाही लागलं नाही. पाणी येणार नाही, टाकी धुवायची आहे, असं पाठोपाठ आलं की कारण कोणतं आणि परिणाम कोणता हे वाचणाऱ्याला सांगावं लागत नाही.

मराठीत लांबी म्हणजे नेमकं काय

मराठी वाक्याची साधी रचना कर्ता, कर्म, क्रियापद अशी आहे. काय घडलं हे सांगणारा शब्द शेवटी येतो. तोवरचं सगळं, म्हणजे कोण, कुठे, कधी, कशासाठी, वाचणाऱ्याने डोक्यावर पाटी घेतल्यासारखं धरून ठेवायचं असतं. क्रियापद आलं की पाटी खाली उतरते. म्हणून पुढची दोन वाक्यं बघा. दोन्हींत बरोबर वीस शब्द आहेत.

"आजी उठायची, अंगण झाडायची, सडा टाकायची, चूल पेटवायची आणि आम्ही डोळे चोळत बाहेर येईपर्यंत पहिल्या भाकरीचा वास घरभर पसरलेला असायचा."

"जिल्ह्यातील शाळांमधील विद्यार्थ्यांच्या आरोग्य तपासणीच्या कार्यक्रमाच्या अंमलबजावणीचा आढावा घेण्याच्या उद्देशाने आयोजित करण्यात आलेल्या बैठकीस सर्व संबंधित मुख्याध्यापकांनी वेळेवर उपस्थित राहावे."

पहिलं वाक्य कोणीही एका दमात वाचतं, कारण पहिल्या आठ शब्दांत दर दोन शब्दांनी पाटी उतरते. दुसऱ्यात ती अगदी शेवटच्या शब्दाला उतरते. पहिल्याला तोडायची काहीच गरज नाही, तोडलंत तर त्याची चाल जाईल. दुसऱ्याला तोडल्याशिवाय इलाज नाही.

याच कारणाने "वाक्य पंधरा-वीस शब्दांचं असावं" हा इंग्रजी लेखनातला दंडक मराठीत जसाच्या तसा चालत नाही. आपल्याकडे विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. "शाळेतल्यांसाठीसुद्धा" हा आपला एक शब्द. इंग्रजीत त्याला पाच-सहा शब्द लागतील. म्हणजे आपले वीस शब्द त्यांच्या वीस शब्दांपेक्षा बरंच जास्त ओझं वाहतात. संगणकाने दाखवलेल्या शब्दसंख्येवर म्हणूनच विसंबू नका.

मोडीतले जुने कागद पाहिलेत तर त्यांत विरामचिन्हं नसतात. शब्दही सुटे लिहिलेले नसतात, आधी ओढलेल्या शिरोरेखेखाली अक्षरं सलग चालतात. तरी वाचणाऱ्याला वाक्य कुठे संपलं हे कळत असे, कारण "केले", "पाठविले", "असावे" असं क्रियापद आलं की तिथे थांबायचं. आज आपण वापरतो ती विरामचिन्हं इंग्रजीवरून आली. ती मराठीत रुजवण्याचं श्रेय एकोणिसाव्या शतकात कोशाचं आणि भाषांतराचं काम केलेल्या मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. पूर्णविराम आपल्याकडे असा उशिरा आलेला आहे. त्याच्या आधीपासून वाक्य थांबवण्याचं काम क्रियापदच करत आलं आहे, आणि ठिपका दिला तरी ते काम क्रियापदाकडेच राहतं.

आधी तपासणी

कागद हातात आला की दुरुस्तीला धावू नका. संगणकावर असाल तर प्रत्येक पूर्णविरामानंतर एंटर मारा, म्हणजे प्रत्येक वाक्य स्वतंत्र ओळीवर जाईल. जी वाक्यं तीन-चार ओळी खातात ती लगेच उठून दिसतात. हे हातानेच करा. "शोधा आणि बदला" वापरलंत तर "डॉ.", "दि.", "रु." यांच्यापुढेही ओळ तुटेल.

मग संशयित वाक्यावर दोन बोटं ठेवा : एक कर्त्यावर, दुसरं त्याच्या क्रियापदावर. मधे काय काय आहे ते वाचा. मधे दोन-चार शब्द असतील तर वाक्य कितीही लांब असो, ते रोगी नाही. मधे अख्खी ओळ असेल तर दुखणं तिथे आहे. कधी कधी दुसरं बोट ठेवायला जागाच मिळत नाही. माझ्या सूचनेचा शेवट "ही विनंती" असा होता. ७६ शब्दांचं वाक्य ज्याच्यावर संपायचं ते क्रियापद, "आहे", मी लिहिलंच नव्हतं.

शाळेत वाक्यपृथक्करणाचा तक्ता काढलेला आठवत असेल : उद्देश्य, उद्देश्यविस्तार, कर्म, विधेय, विधेयविस्तार. गुणांसाठी घोकून विसरून गेलेला तो तक्ता इथे फार उपयोगी पडतो. उद्देश्य म्हणजे कर्ता, विधेय म्हणजे क्रियापद, विस्तार म्हणजे त्यांना जोडून येणारे शब्द. अडलेलं वाक्य त्यात भरून पाहा. उद्देश्यविस्ताराचा रकाना तुडुंब आणि विधेयात एकटं "आहे" असं चित्र दिसलं, तर काय करायचं हे वेगळं सांगावं लागत नाही. परीक्षेत आपल्याला केवल वाक्यांचं मिश्र किंवा संयुक्त वाक्य करायला मुबलक सांगितलं गेलं, म्हणजे जोडण्याचा सराव झाला. सुटं करण्याचा सराव एवढ्या एका तक्त्यापुरता होता.

मोठ्याने वाचून पाहणं हा उपाय सगळे सांगतात. तो चांगला आहे, पण स्वतःचं वाक्य स्वतः वाचताना अर्थ आधीच माहीत असतो, त्यामुळे श्वास बरोबर जागी घेतला जातो आणि दोष लपतो. दुसऱ्याला वाचायला द्या. तो जिथे अडखळतो, मागे जाऊन परत वाचतो, तिथे खूण करा.

"असून" आणि "असल्याने"

सर्वांत जास्त आढळणारं कारण हेच, विशेषतः बातम्यांत आणि कार्यालयीन मजकुरात. एक "असून" वाईट नाही. "अपघातात दोघांचा मृत्यू झाला असून चार जण जखमी झाले आहेत" हे स्वच्छ वाक्य आहे, कारण दोन्ही अर्धी एकाच घटनेची आहेत. शासन निर्णयांच्या शेवटी "...संकेतस्थळावर उपलब्ध करण्यात आला असून त्याचा संकेतांक ... असा आहे" असं असतं, तेही वाचताना खटकत नाही. बिघाड सुरू होतो दुसऱ्या "असून"पासून : "जखमींना रुग्णालयात दाखल केले असून एकाची प्रकृती गंभीर असून पोलीस अधिक तपास करत आहेत." इथे दाखल करणारे, एकाची प्रकृती आणि पोलीस असे तीन वेगळे कर्ते एका दोरीला बांधले आहेत. मी पाळते तो नियम सोपा आहे. कर्ता बदलला की वाक्य बदला. "जखमींना रुग्णालयात दाखल केले आहे. त्यांतल्या एकाची प्रकृती गंभीर आहे. पोलीस तपास करत आहेत."

"असल्याने"चं थोडं वेगळं आहे. ते कारण आधी सांगतं आणि परिणाम मागून. कारण छोटं असेल तर ठीक : "पाऊस असल्याने सभा सभागृहात होईल." कारणच दोन ओळींचं असेल तर उलटं करा, परिणाम आधी सांगा. सभा कुठे आहे हे कळल्यावर माणूस कारण निवांत वाचतो.

"च्या"ची माळ

वरचं मुख्याध्यापकांचं वाक्य याचा नमुना. "विद्यार्थ्यांच्या", "तपासणीच्या", "कार्यक्रमाच्या", "घेण्याच्या" : प्रत्येक "च्या" वाचणाऱ्याला सांगतो की थांब, अजून एक नाम यायचं आहे. दोन "च्या" पाठोपाठ आले तर चालतं, आपण बोलतोही तसं. तिसरा आला की थांबून बघा, कारण बहुतेक वेळा त्या माळेतल्या नामांपैकी एक-दोन मुळात क्रियापदं असतात. "तपासणी" म्हणजे तपासणं. "अंमलबजावणी" म्हणजे राबवणं. "आढावा घेण्याच्या उद्देशाने आयोजित" म्हणजे पाहण्यासाठी बोलावलेली. त्यांना परत क्रियापदं होऊ द्या :

"सर्व मुख्याध्यापकांनी बैठकीस वेळेवर यावे. शाळांतील विद्यार्थ्यांची आरोग्य तपासणी कशी चालली आहे, हे पाहायचे आहे."

"बाबत", "दृष्टीने", "अनुषंगाने", "संदर्भात" हे शब्द याच माळेचे दोरे आहेत. "पाणी बचत करण्याच्या दृष्टीने उपाययोजना करण्याबाबत" याचा अर्थ "पाणी वाचवण्यासाठी काय करायचं" एवढाच आहे.

इथे लोक मला एक शंका विचारतात : असं सोपं लिहिलं तर कागदाचं वजन जाणार नाही का? वरच्या दुरुस्तीत "यावे", "पाहायचे आहे" हे औपचारिक रूप मी ठेवलंच आहे. सभ्यपणा "यावे"तल्या "-वे"मध्ये असतो, "उपस्थित राहावे"च्या लांबीत नसतो. वाचणाऱ्याचा वेळ वाचवणं हाही आदरच आहे, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो.

इंग्रजी मसुद्याची सावली

महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४चा. त्याच्या आधी १९६०मध्ये भाषा संचालनालय सुरू झालं. इंग्रजीत चाललेला कारभार मराठीत आणायचा हे फार मोठं काम होतं, आणि परिभाषेच्या बाबतीत ते मनापासून केलं गेलं. पण शब्दांबरोबर इंग्रजी मसुद्याची वाक्यरचनाही कार्यालयांत आली आणि राहिली. इंग्रजी वाक्यात कर्ता आणि क्रियापद सुरुवातीलाच येऊन जातात. पुढे कितीही पुरवण्या जोडल्या तरी वाचणाऱ्याच्या हातात मुख्य गोष्ट पडलेली असते. तेच वाक्य मराठीत उतरवलं की सगळ्या पुरवण्या आधी येतात आणि मुख्य गोष्ट शेवटी "करण्यात येत आहे" म्हणून येते. म्हणजे लांबी सारखीच असली तरी मराठी वाक्य जास्त दमवतं. त्यामुळे इंग्रजीतलं एक वाक्य मराठीत एकच राहिलं पाहिजे हा हट्ट सोडा. भाषांतर करताना दोन-तीन होऊ द्या.

दुसरी सावली "जो-जी-जे"ची. मराठीची स्वतःची घडण जोडीची आहे : "जी मुलं उशिरा आली, ती बाहेर थांबली." "जी" आधी येते, "ती" तिला लगेच भेटते. इंग्रजीवरून येते ती रचना वेगळी : "समितीने, जी गेल्या वर्षी स्थापन झाली आणि जिच्यात सात सदस्य आहेत, ज्यांपैकी तीन महिला आहेत, आपला अहवाल सादर केला." समितीने काय केलं हे कळायला तीन पायऱ्या चढून जावं लागतं. "समितीने अहवाल सादर केला. ही समिती गेल्या वर्षी स्थापन झाली. तिच्यात सात सदस्य आहेत, त्यांपैकी तीन महिला." अलीकडे हिंदीतून "जो की", "जे की" हीसुद्धा बरीच शिरली आहे. वाक्य लांबवण्याखेरीज तिचा काही उपयोग मला दिसलेला नाही. तिथे सरळ पूर्णविराम द्या आणि पुढचं वाक्य "हा", "ही" किंवा "हे"ने सुरू करा.

"की" आणि "असे"

"पोलिसांनी, आरोपीने आपण त्या दिवशी गावात नव्हतो असे सांगितल्याचे न्यायालयात सांगितले." यात कोण कोणाला सांगतंय याचे तीन थर आहेत आणि "आपण" नेमका कोण हे दुसऱ्यांदा वाचून कळतं. थर उलगडा : "पोलिसांनी न्यायालयात आरोपीचे म्हणणे मांडले. त्या दिवशी आरोपी गावात नव्हता, असे त्याचे म्हणणे आहे." सांगितलेली गोष्ट छोटी असेल तर "असे" चांगलं चालतं, मोठी असेल तर "की" वापरा म्हणजे क्रियापद आधी येईल. एका वाक्यात दोन "की" मात्र आणू नका.

"-ऊन"ची साखळी

"चिरून, परतून, घालून, ढवळून" ही साखळी मराठीची आपली आहे आणि मला ती प्रिय आहे. एकच माणूस एकामागून एक कामं करत असेल तर तिच्याइतकी नेटकी रचना नाही. अडचण दोन ठिकाणी येते. एक, कर्ता बदलतो तेव्हा. "अर्ज भरून कारकुनाने तो तपासून साहेबांकडे पाठवला" यात अर्ज कारकुनानेच भरला असा अर्थ होतो. "अर्जदाराने अर्ज भरला. कारकुनाने तो तपासून साहेबांकडे पाठवला."

दोन, वाचणारा मधे थांबून काम करणार असतो तेव्हा. पाककृती हे ठळक उदाहरण. "कढईत तेल तापवून मोहरी तडतडल्यावर हिंग-हळद घालून कांदा गुलाबी परतून त्यात भिजवलेली डाळ घालून झाकण ठेवून वाफ आणून मीठ-गूळ घालावा." लिहिणाऱ्या बाईला ही कृती पाठ असते. वाचणारी गॅसपाशी उभी असते, हात ओले, एक डोळा कढईवर. ती नजर वळवून परत कागदाकडे बघते तेव्हा सगळे "-ऊन" सारखेच दिसतात आणि आपण कुठवर आलो होतो ते सापडत नाही. जिथे वाचणाऱ्याचा हात थांबणार आहे तिथे वाक्य थांबवा : "तेल तापवून मोहरी तडतडू द्या. हिंग-हळद घालून कांदा गुलाबी परता. भिजवलेली डाळ घाला, झाकण ठेवा आणि वाफ येऊ द्या. शेवटी मीठ-गूळ." फॉर्म भरण्याच्या सूचना, औषध घेण्याच्या सूचना, मशीन जोडण्याची माहिती यांनाही हेच लागू आहे.

जिथे तोडू नये

नियम आणि त्याची अट वेगळी करू नका. "ज्येष्ठ सभासदांना शुल्कात सवलत मिळेल. मात्र त्यांची मागील थकबाकी नसावी." असं लिहिलंत तर पहिलं वाक्य लोकांच्या तोंडी होतं, दुसरं मागे राहतं, आणि मग खिडकीवर भांडण होतं. इथे एकच वाक्य बरं, फक्त अट पुढे घ्या : "मागील थकबाकी नसेल तर ज्येष्ठ सभासदांना शुल्कात सवलत मिळेल." अटी चार असतील तर खाली एकेका ओळीवर लिहा.

कायद्याचा, कराराचा किंवा ठरावाचा मंजूर झालेला मजकूर आपल्या मनाने तोडू नका. तिथल्या एखाद्या "परंतु"वर हक्क अवलंबून असतो. तो तसाच ठेवा आणि शेजारी सोप्या वाक्यांत अर्थ लिहा.

तोडल्यावर सांधा

तुटक वाटणं हा खरा त्रास आहे, त्याला उडवून लावू नये. माझ्या अनुभवात त्यावर एक गोष्ट हमखास चालते : मागच्या वाक्याचं शेपूट पुढच्या वाक्याच्या तोंडी द्या. "समितीने अहवाल सादर केला. अहवालात तीन शिफारशी आहेत. त्यांपैकी पहिली..." इथे जोडशब्द एकही नाही आणि सांधा पक्का आहे. जिथे विरोध आहे तिथे "पण" किंवा "मात्र" हवंच. जिथे दोन वाक्यं एकमेकांना टेकून उभी आहेत तिथे अर्धविराम (;) द्या. मराठीत हे चिन्ह फार कमी वापरलं जातं आणि वाक्य पूर्ण न तोडता श्वास देण्याचं काम ते छान करतं.

एक धोका सांभाळा. वाक्य तोडलं की "ती", "तो", "ते" वाढतात. आपल्याकडे समिती, बैठक, योजना, सभा, संस्था सगळ्याच स्त्रीलिंगी. "संस्थेने योजना मांडली. ती बैठकीत मंजूर झाली. ती पुढील महिन्यात सुरू होईल." दुसऱ्या "ती"ला योजना की बैठक, असा क्षणभर तरी प्रश्न पडतो. नाम परत लिहायला लाजू नका. "सदर" हा त्यावरचा उपाय नाही. "सदर योजना"पेक्षा "ही योजना" नेहमी बरी.

आणि सगळं छोटं करत सुटू नका. तीन छोट्या वाक्यांनंतर एक ऐसपैस वाक्य आलं तर कान सुखावतो. फक्त त्यात आजीच्या वाक्यासारखी क्रियापदं पेरलेली असू द्यात.

दुखणं परत का येतं

एकदा दुरुस्त केलेल्या कार्यालयात सहा महिन्यांनी पुन्हा तेच वाक्य दिसतं, याची कारणं लेखनशैलीत कमी आणि कामाच्या पद्धतीत जास्त सापडतात. पहिलं, जुनी फाइल उघडून तारीख बदलायची सवय. तोपर्यंत सुधारलेला नमुना वेगळ्या नावाने जपून ठेवलेला नसतो, म्हणून जुनाच वापरला जातो. जुना नमुना काढून टाका, नुसता नवा तयार करून भागत नाही. दुसरं, मसुदा चार हातांतून जातो. प्रत्येक जण आपला मुद्दा "तसेच" लावून शेवटच्या वाक्याला चिकटवतो, कारण नवं वाक्य घालणं म्हणजे दुसऱ्याच्या मसुद्यात ढवळाढवळ वाटते. पुढच्या माणसाला मसुदा देताना वर लिहूनच द्या : भर घालायची असल्यास नवीन ओळीवर घालावी. एवढ्यानेही फरक पडतो. तिसरं आता नव्याने दिसतं. पुष्कळ जण फोनवर बोलून मजकूर टाइप करतात. बोलताना आपण थांबतो, आवाज उतरवतो, पण कागदावर ते थांबे उमटतातच असं नाही. असा मजकूर पाठवण्याआधी क्रियापदं शोधत एकदा वाचा आणि प्रत्येकापाशी ठरवा, इथे थांबायचं आहे का.

राहिली एक गोष्ट, आणि मला ती सर्वांत मोलाची वाटते. लांब वाक्य सुटं केलं की त्यात काय नव्हतं ते दिसतं. "दुरुस्ती करण्यात येईल" हे तोडायला गेलात की विचारावं लागतं, कोण करणार? कधी? लांब वाक्याच्या गर्दीत हे प्रश्न कोणी विचारत नाही, लिहिणारासुद्धा नाही.

नवीन सूचना मी फलकावर लावण्याआधी काकूंना वाचून दाखवली. शेवटच्या वाक्यावर त्या थांबल्या. "स्वच्छ पाणी येईपर्यंत म्हणजे किती वेळ गं? नळातलं पाणी मला वरून स्वच्छच दिसतं." पहिल्या सूचनेत "काही वेळ" आणि "स्वच्छ येईपर्यंत" हे दोन्ही शब्द मीच लिहिले होते, आणि उत्तर तेव्हाही माझ्याकडे नव्हतं. मी टाकी धुणाऱ्या माणसाला विचारून आले आणि शेवटची दोन वाक्यं बदलली : "आधी बादलीत पाणी धरा आणि थोडं स्थिर होऊ द्या. तळाशी गाळ बसत नसेल तर प्युरिफायर सुरू करा."